एकट्याला सुचते की चौघांत?

चांगला विचार माणसाला कुठे सुचतो? एकटा बसल्यावर, की चार माणसांत बसल्यावर? आपल्या संप्रदायाने दोन्ही जागांना मान दिला आहे. चिंतनाला एकांत सांगितला, तशी संतांची संगतही सांगितली. नेमाची ज्ञानेश्वरी वाचणारा वारकरी पहाटे एकटा असतो आणि संध्याकाळी हरिपाठाला दहा जणांत उभा असतो. दोन्ही गोष्टी अंगवळणी पडलेल्या असल्याने त्यांतली थोर कोणती, हे त्याने कधी मोजून पाहिले नाही.

पाश्चात्त्य देशांतील अभ्यासकांनी मात्र ते मोजून पाहिले. गेली शंभराहून अधिक वर्षे तिकडे या एका प्रश्नावर प्रयोग झाले, ग्रंथ झाले, एकाचे मत दुसऱ्याने खोडून काढले आणि तिसऱ्याने दोघांना दुरुस्त केले. हा इतिहास वारकरी मायबापांनी जाणून घ्यावा असा आहे. कारण आपले बहुतेक काम मिळून चालते. दिंडी मिळून, सप्ताह मिळून, काला मिळून. मिळून केल्याने काय हाती येते आणि काय नकळत निसटते, याचा हिशेब या संशोधनात सापडतो.

सुरुवात एकांतापासून करू. फ्रान्समधले थोर गणिती आंरी प्वाँकारे यांनी १९०८ साली पॅरिसच्या मानसशास्त्र मंडळापुढे एक व्याख्यान दिले. गणितातला शोध माणसाला लागतो कसा, हा विषय. त्यांनी स्वतःचाच अनुभव सांगितला. एका कठीण गणितावर ते अनेक दिवस मेजाशी बसून झगडले. पुढे सहलीला निघाले आणि गणित मनातून गेले. कूतांस गावी घोड्यांच्या गाडीत चढताना त्यांनी पायरीवर पाऊल ठेवले आणि त्याच क्षणी उत्तर लख्ख उभे राहिले. त्याआधी १८९१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या सत्तरीच्या समारंभातल्या भाषणात असेच सांगितले होते. त्यांना चांगल्या कल्पना कामाच्या मेजावर फारशा सुचल्या नाहीत. ऊन पडलेल्या दिवशी झाडीची टेकडी हळूहळू चढताना सुचल्या.

हे अनुभव गोळा करून ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंतांनी १९२६ साली एक ग्रंथ लिहिला आणि नवा विचार जन्माला येण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली तयारी, म्हणजे कष्टाने केलेला अभ्यास. दुसरी मुरण्याची. बरणीतले लोणचे रोज ढवळून चालत नाही, झाकून ठेवावे लागते, तसा विषय मनात झाकून ठेवायचा. तिसरी उजेडाची, जेव्हा उत्तर अचानक समोर येते. चौथी पारखण्याची, आलेले उत्तर खरे की खोटे ते तपासण्याची. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर माणूस एकटाच असतो. तिथे सोबत करता येत नाही. म्हणून नवा विचार हा एकट्या प्रतिभावंताचा प्रांत, असा समज तेव्हा पक्का होता. विद्यापीठांतले मानसशास्त्र तर या विषयाकडे जवळजवळ फिरकलेच नव्हते. १९५० साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष जे. पी. गिलफर्ड यांनी अध्यक्षीय भाषणात हिशेबच मांडला. मागच्या २३ वर्षांत त्या शास्त्रातल्या सुमारे १,२१,००० लेखनांची नोंद झाली होती आणि सर्जनशीलतेशी संबंध असलेली त्यांत केवळ १८६ होती. हजारी दोनसुद्धा नाहीत. या भाषणानंतर संशोधकांची पावले इकडे वळली.

पण त्याआधीच एक गृहस्थ बाजारपेठेतून या प्रश्नाला भिडले होते. त्यांचे नाव ॲलेक्स ऑस्बर्न. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या जाहिरात कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक. रोज नवी कल्पना काढणे हाच त्यांचा धंदा. बैठकांत त्यांना एक गोष्ट खटकत असे. कुणी काही बोलायला तोंड उघडले की दुसरा लगेच ‘हे जमणार नाही’ म्हणे. मग बोलणारा गप्प आणि त्याच्या शेजारचाही गप्प. ऑस्बर्न यांनी आपल्या कंपनीत वेगळ्या बैठका सुरू केल्या आणि त्यांना चार नियम घातले. कुणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही. कितीही अचाट वाटली तरी कल्पना सांगायची. जितक्या जास्त तितक्या चांगल्या. दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची. ही पद्धत ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ या नावाने जगभर पसरली. आपल्याकडे तिला विचारमंथन म्हणतात. १९५३ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. एकट्या माणसाला जितके सुचते त्याच्या दुप्पट त्यालाच गटात सुचते, असा त्यांचा दावा होता.

हा दावा लोकांना पटला, कारण तो सर्वांना हवाहवासा होता. ‘गाव करी ते राव न करी’ असे आपणही म्हणतोच. कंपन्यांनी, सरकारी खात्यांनी, शाळांनी या बैठका सुरू केल्या. बैठकीतून लोक उत्साहाने बाहेर पडत. फळ्यावर कल्पनांची लांबलचक यादी दिसे. दावा खरा की खोटा, हे तपासण्याची गरज कुणाला वाटेना.

तपासले येल विद्यापीठातल्या तिघांनी. डोनाल्ड टेलर, पॉल बेरी आणि क्लिफर्ड ब्लॉक यांचा प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाला. ९६ विद्यार्थी घेतले. ४८ जणांचे चार-चारांचे १२ गट केले आणि उरलेल्या ४८ जणांना एकेकटे बसवले. नियम सर्वांना ऑस्बर्न यांचेच. प्रश्नही मजेशीर होते. एक असा की, उद्यापासून जन्मणाऱ्या माणसांच्या हाताला एक जादा अंगठा आला, तर त्याचे फायदे-तोटे काय? एका प्रश्नाला १२ मिनिटे दिली होती.

आता इथे तुलना कशी करायची, हा खरा मुद्दा होता. चौघांच्या गटाची यादी एकट्याच्या यादीपेक्षा मोठी असणारच. त्यात नवल नाही. मळणीला चार माणसे लावली तर एकट्यापेक्षा जास्त धान्य निघणारच. प्रश्न असा विचारायला हवा की, चार माणसे वेगवेगळ्या खळ्यांवर लावली असती, तर एकूण किती निघाले असते? येलच्या तिघांनी तसेच केले. एकेकट्या बसलेल्यांपैकी चौघांच्या याद्या एकत्र केल्या, दोघांना सुचलेली तीच गोष्ट एकदाच मोजली, आणि या नावापुरत्या गटाशी खऱ्या गटाची तुलना केली. निकाल उलटा लागला. जे चौघे एकमेकांना भेटलेच नव्हते, त्यांच्या कल्पना एकत्र बसलेल्या चौघांच्या जवळजवळ दुप्पट भरल्या. वेगळ्या आणि दर्जेदार कल्पनाही त्यांच्याच जास्त होत्या.

विद्यार्थ्यांचे सोडा, कामाच्या माणसांचे काय, अशी शंका आली. १९६३ साली एका मोठ्या अमेरिकन कंपनीतील ४८ संशोधक आणि जाहिरात विभागातील ४८ माणसे घेऊन प्रयोग झाला. निकाल तोच. पुढे अशा २२ प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांतल्या १८ मध्ये एकेकटे बसलेले वरचढ ठरले होते. उरलेल्या चारांत दोघादोघांचेच गट होते आणि तिथे फरक पडला नव्हता.

असे का व्हावे? चार चांगली माणसे एकत्र आली की त्यांचे चांगलेपण कमी होते का? याचे उत्तर शोधताना अभ्यासकांना एका जुन्या प्रयोगाची आठवण झाली. तो विचारांचा नव्हता, दोर ओढण्याचा होता. फ्रान्समधले शेती अवजारांचे अभियंते माक्सिमिल्याँ रिंगेलमान यांनी १८८० च्या दशकात माणसे आणि जनावरे किती जोर लावतात याची मोजणी केली होती. ती १९१३ साली छापली गेली. त्यांना आढळले की दोर ओढायला माणसे वाढवत गेले की दर माणशी जोर घटत जातो. आठ जण मिळून ओढतात, तेव्हा त्या आठांच्या वेगवेगळ्या जोराच्या बेरजेपैकी जेमतेम निम्मा जोर दोरावर येतो. याची दोन कारणे होती. एक म्हणजे सगळ्यांचा झटका एका क्षणी लागत नाही. दुसरे आपण मराठीत एका शब्दात सांगतो: अंगचोरपणा. सगळे ओढताहेत, मी थोडा सैल सोडला तर कुणाला कळणार?

हा अंगचोरपणा वेगळा काढून मोजण्याचे काम १९७९ साली अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात बिब लाताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी केले. त्यांनी मोजली ती टाळी आणि आरोळी. हे वाचून प्रत्येक वारकऱ्याचे कान टवकारावेत. माणसांना जमेल तितक्या मोठ्याने टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितले. कधी एकट्याने, कधी दोघांनी, चौघांनी, सहांनी. सहा जणांत एकेकाचा वाटा एकट्याने केलेल्या आवाजाच्या सुमारे ४० टक्क्यांवर आला. मग डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर यंत्र लावून, ‘तुमच्यासोबत इतर जण ओरडताहेत’ असे खोटेच सांगितले. प्रत्यक्षात माणूस एकटाच ओरडत होता. सोबत एक जण आहे असे वाटले, तेव्हा त्याचा आवाज ८२ टक्क्यांवर आला. आपण सहा जण आहोत असे वाटले, तेव्हा ७४ टक्क्यांवर. सोबतीची नुसती कल्पना झाली आणि हात सैल पडले! आणि हे मुद्दाम फसवणाऱ्या माणसांचे वागणे नव्हते. आपण जोर कमी लावतो आहोत, हे त्यांचे त्यांना उमगतही नसे.

त्यांनीच दोन वर्षांनी उपायही दाखवला. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे असे सांगितले की सैलपणा गेला. आपल्या भजनाची मांडणी आठवून पाहा. टाळकरी दोन ओळींत समोरासमोर उभे राहतात. प्रत्येकाचा टाळ समोरच्याला दिसतो, प्रत्येकाचे पाऊल समोरच्याला दिसते. मागे दडायला जागाच नसते. समोर कुणी आपल्याकडे पाहत असले म्हणजे हात सैल पडत नाहीत, हे ओहायोच्या प्रयोगाने आकड्यांत सांगितले.

तरीही विचारांच्या गटाचे कोडे पुरते सुटले नव्हते. ते सोडवले जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातील मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी, १९८७ साली. त्यांनी तीन कारणे समोर ठेवली आणि एकेक तपासले. पहिले अंगचोरपणा. दुसरे लोकलाज: मी बोललो तर हसतील, ही भीती. तिसरे अगदी साधे, म्हणून आजवर दुर्लक्षित राहिलेले: गटात एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीच्यांचा खोळंबा होतो.

हे तिसरे कारण तपासण्याची त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. चौघांना चार वेगळ्या खोल्यांत बसवले. कुणी कुणाला दिसत नव्हते. प्रत्येकासमोर दिवे होते. एक जण बोलू लागला की बाकीच्यांसमोरचा दिवा पेटायचा, आणि दिवा पेटलेला असेपर्यंत त्यांनी बोलायचे नाही, असा नियम. बस्स, एवढेच. टीका करणारे कुणी नव्हते, लाजायला समोर कुणी नव्हते. तरी कल्पनांची संख्या एकत्र बसलेल्या गटाइतकी खाली आली. दिव्यांचा नियम काढला की पुन्हा वर गेली. पहिल्या दोन कारणांचा परिणाम थोडा होता. सगळ्यात जास्त नुकसान आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात होत होते.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. मनात आलेला विचार पाहुण्यासारखा असतो. दार उघडून आत घेतला नाही तर पुढे निघून जातो. दुसरा बोलत असताना मी माझा विचार धरून बसलो तर नवा सुचत नाही. नवा शोधायला गेलो तर धरलेला सुटतो. आणि पाळी येईपर्यंत वाटू लागते की, जाऊ दे, आता विषय पुढे गेला, माझे तसे काही महत्त्वाचे नव्हते. ज्याचा आवाज मोठा, ज्याला सभेत बोलायची सवय, त्याचा खोळंबा कमी होतो. ज्याला शब्द जुळवायला वेळ लागतो, त्याचा सर्वांत जास्त.

मग इतकी वर्षे हे कुणाच्या ध्यानात कसे आले नाही? त्याचेही उत्तर डील-श्ट्रोबे आणि टेक्सासचे पॉल पॉलस यांनी १९९० च्या दशकात दिले. गटात बसलेल्या माणसांना विचारले की, तुम्हाला जास्त कुठे सुचले? ती ठामपणे सांगतात, गटात. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट ऐकता ऐकता ती आपल्याही मनात आली होतीच, असे वाटू लागते. बैठक संपताना कुणाचे कोणते हे कळेनासे होते आणि सगळेच पीक आपल्या शेतातले भासते. शिवाय गटात शांततेच्या जागा नसतात, सारखे कुणीतरी बोलत असते, म्हणून आपण अडलो होतो हे जाणवत नाही. एकटा माणूस अडला की त्याला लगेच कळते. म्हणून एकांत कमी फळाचा वाटतो आणि बैठक जास्त फळाची.

इथवर वाचून कुणी म्हणेल की संगत व्यर्थ, एकांतच खरा. संशोधन तिथे थांबलेले नाही. केव्हिन डनबार या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात एक वेगळी वाट धरली. खोटे प्रश्न देऊन विद्यार्थी बसवण्याऐवजी ते जीवशास्त्राच्या चार नामांकित प्रयोगशाळांत सुमारे वर्षभर जाऊन बसले आणि तिथल्या बैठका त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. शास्त्रज्ञाच्या हाती अनपेक्षित निकाल येतो तेव्हा तो काय करतो, हे त्यांना पाहायचे होते. एकटा शास्त्रज्ञ आधी म्हणतो, माझ्या करण्यातच काहीतरी चुकले असणार, आणि निकाल बाजूला ठेवतो. तोच निकाल बैठकीत मांडला की शेजारचा विचारतो, ‘चुकले असे का म्हणतोस? खरेच तसे असेल तर?’ या प्रश्नाने बंद दार उघडते. नव्या समजुतीचा मोठा भाग डनबार यांना सूक्ष्मदर्शकाशी दिसला नाही, बैठकीच्या मेजाभोवती दिसला. आणि जिथे वेगवेगळ्या तालमीतली माणसे एकत्र होती, तिथे असे प्रश्न जास्त निघाले. सगळे एकाच वळणाचे असले की सगळ्यांना तेच दिसते आणि तेच दिसत नाही.

२००४ साली शार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आणि पॅरिसमध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गटांना ऑस्बर्न यांचा नियम दिला: टीका करू नका. काही गटांना उलट सांगितले: बिनदिक्कत वाद घाला, एकमेकांच्या म्हणण्यावर प्रश्न विचारा. वाद घालायला मोकळीक मिळालेल्या गटांना जास्त सुचले. गोड मौनापेक्षा मोकळा प्रश्न माणसाला पुढे नेतो, असा याचा अर्थ.

मोठ्या आकड्यांतही असेच चित्र दिसते. २०१९ साली तीन संशोधकांनी साठ वर्षांतले ६ कोटी ५० लाखांहून अधिक शोधनिबंध, पेटंट आणि संगणकीय रचना तपासल्या. मोठे चमू आधीची वाट रुंद करतात आणि लहान चमू नवी वाट पाडतात, असे त्यांना दिसले. जगाला दोन्ही लागतात. वाट पाडणारा नसेल तर रुंद काय करायचे, आणि रुंद करणारे नसतील तर पाडलेल्या वाटेवर गवत उगवते.

या इतिहासात आपल्या देशाचा एक धागा आहे आणि तो ऑस्बर्न यांनीच आणला आहे. आपल्या ग्रंथात ते सांगतात की भारतातले हिंदू गुरू धार्मिक मंडळींसोबत काम करताना चारशेहून अधिक वर्षे अशीच पद्धत वापरत आले आहेत. तिचे नाव ते ‘प्राई-बार्शना’ असे देतात आणि अर्थ लावतात: प्राई म्हणजे आपल्या बाहेरचा आणि बार्शना म्हणजे प्रश्न. शब्द कानोकानी जाताना पार मोडून गेलेला दिसतो. ‘पर’ आणि ‘प्रश्न’ यांची सावली तेवढी त्यात ओळखू येते. पण अर्थ पाहा किती नेमका आहे. आपल्या बाहेरून आलेला प्रश्न! ऑस्बर्न यांनी या शब्दाखाली टीका न करणारी बैठक वर्णन केली. पुढच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाने मात्र त्या शब्दाच्या अर्थालाच दुजोरा दिला. गट माणसाला जे देतो, ते कल्पनांची रास नसते. स्वतःला स्वतःहून कधीच पडला नसता असा प्रश्न, ही गटाची देणगी असते.

आपल्याला हे समजायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. गोरोबाकाकांची थापी प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. परंपरा सांगते की संतमंडळी जमली असता मुक्ताईने काकांना विचारले, ही थापी कशाची? काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे हे पाहायची. मग एकेकाच्या डोक्यावर थापी पडत गेली. सगळे शांत राहिले, नामदेवराय मात्र कळवळले, आणि मडके कच्चे ठरले. त्या दुखावलेपणातूनच त्यांची पावले विसोबा खेचरांकडे वळली. या कथेत संतसभेने नामदेवरायांना काही शिकवले नाही, त्यांचा एक अभंगही कुणी रचून दिला नाही. मडके भाजते ते भट्टीच्या आगीत, आणि ती आग ज्याची त्याने सोसायची असते. ते भाजले की नाही, हे मात्र बाहेरून पडलेल्या थापीनेच कळते. भट्टी एकांताची आणि थापी संगतीची. तुकोबारायांनाही भंडाऱ्याचा डोंगर लागला आणि कीर्तनाची सभाही लागली. माउलींचा ग्रंथ नेवाशात श्रोत्यांपुढे सांगितला गेला आणि श्रोत्यांशी चाललेले बोलणे ग्रंथातच राहिले.

ऑस्बर्न यांच्यावर अन्याय नको. गटाची बैठक ही एकट्याच्या विचाराला पुरवणी म्हणून घ्यावी, त्याच्या जागी नव्हे, असे त्यांनीही लिहिले आहे. लोकांनी बैठक उचलली आणि आधीचे एकटे बसणे सोडून दिले. तिथे चूक झाली.

आता हे आपल्या दारी आणून पाहू. सप्ताहाचे नियोजन असते, दिंडीच्या मुक्कामांची बैठक असते. पारावर किंवा मंदिराच्या सभामंडपात पंचवीस-तीस माणसे बसतात. तासभर चर्चा होते. बोलतात चार-पाच जण, दरवर्षी तेच. शेवटी कुणीतरी विचारते, ‘आणखी कुणाला काही सांगायचे आहे का?’ कुणी बोलत नाही आणि सगळ्यांचे एकमत झाले असे धरून पंगत बसते. ट्युबिंगनचा प्रयोग सांगतो की त्या मौनाचा अर्थ एकमत असा होत नाही. खांबाआड बसलेल्या मावशींना गेल्या वर्षी मुक्कामावर रात्री पाण्यासाठी किती लांब जावे लागले, ते सांगायचे होते. त्या पाळीची वाट पाहत राहिल्या. पाळी आली तोवर विषय मंडपाच्या भाड्यावर गेला होता. पहिल्यांदाच दिंडीत आलेल्या पोराला एक प्रश्न पडला होता, पण बुजुर्गांपुढे कसे बोलायचे म्हणून त्याने गिळला. अशा गिळलेल्या गोष्टींचे नुकसान बैठकीच्या वहीत लिहिले जात नाही. ते पुढच्या वर्षी वाटेवर भोगावे लागते, आणि बहुधा ज्यांनी गिळले त्यांनाच भोगावे लागते.

उपाय खर्चाचा नाही. जर्मनीत १९६८ साली बेर्न्ड रोरबाख यांनी एक रीत सांगितली. सहा माणसे बसतात, प्रत्येक जण पाच मिनिटांत कागदावर तीन कल्पना लिहितो आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवतो. शेजारी ते वाचून आपली भर घालतो. कुणी बोलत नाही, म्हणून कुणाचा खोळंबा नाही. लिहून कागद पुढे सरकवणाऱ्या गटाला एकेकट्यांच्या बेरजेपेक्षाही जास्त सुचते, असे पॉलस यांच्या २००० सालच्या प्रयोगात दिसले. कारण त्यात एकांतही आहे आणि बाहेरून येणारी हाकही आहे.

आपल्या बैठकीत एवढे तरी सहज जमेल. आरंभी नामस्मरणाला बसतो तसेच पाच मिनिटे शांत बसावे आणि प्रत्येकाने आपल्याला काय सांगायचे ते मनाशी पक्के करावे. लिहिता येणाऱ्याने लिहावे. ज्यांना लिहिणे जमत नाही, त्यांचे शेजारच्याने लिहून घ्यावे. मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचाव्यात, आणि वाचताना क्रम मागच्या रांगेपासून धरावा. त्यानंतर चर्चा करावी आणि त्या चर्चेत प्रश्न विचारणाऱ्याला आगाऊ समजू नये. थापी मारणाऱ्याला काकांनी जसा मान मिळवून दिला, तसा त्याला मान असावा. निर्णय शेवटी जाणत्यांनीच घ्यायचा आहे. पण तो घेण्याआधी सगळ्यांचे मडके मांडले गेले पाहिजे.

शंभर वर्षांच्या या शोधाने मोठमोठ्या विद्यापीठांत जे सिद्ध झाले, ते वारकऱ्याला परके वाटू नये. आधी आपले आपण बसावे, मग आपले घेऊन चौघांत यावे, आणि चौघांत आल्यावर दुसऱ्याच्या थापीला डोके पुढे करावे. या क्रमात एक पायरी गाळली तरी काम होते, पण मडके कच्चे राहते. यंदाच्या सप्ताहाची बैठक भरेल तेव्हा खांबाआड कोण बसले आहे, तिकडे एकदा मान वळवून पाहावे. तिथल्या माणसालाही काही सांगायचे असेल.

रामकृष्णहरि.